सोलापूर, पेठेपेठेने

बुधवार, रात्र

सोलापूरला लोक उतरतात ते पुढे जाण्यासाठी. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. हुतात्मा एक्सप्रेसमधून उतरून आम्ही स्टेशनाबाहेर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तरी पहिल्या रिक्षावाल्याने बॅगेला हात लावायच्या आत दुसऱ्या दिवसाचं गणित मांडलं. "सकाळी सातला निघू, अक्कलकोट-तुळजापूर करून दुपारी सोडतो की."

माझी नणंद म्हणाली, "मामा, आम्हाला सोलापूरच बघायचंय."

"सोलापुरात काय हाय बघायला?"

ताई वाद घालत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही सकाळी नाश्ता कुठे करता?" मामांनी एका दमात तीन गाड्या सांगितल्या, कुठल्या गाडीवरचा माल किती वाजता संपतो तेही सांगितलं. पुढचे सगळे दिवस आम्ही हाच प्रश्न विचारत फिरलो. "इथलं प्रसिद्ध काय?" असं विचारलं की जो तो सिद्धेश्वर आणि पार्क चौपाटी सांगून मोकळा होतो. "तुम्ही कुठे जाता?" म्हटलं की माणूस थांबतो, विचार करतो आणि मग पत्ता देतो.

गुरुवार

मामांची पहिली गाडी दत्त चौकाच्या बाजूला. पदार्थ सुशीला. चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीत कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून परतायचे आणि वरून डाळ्याचं पीठ. पुण्यात मी तो फक्त ऑफिसातल्या एका लातूरकर मैत्रिणीच्या डब्यात खाल्ला होता आणि तो पोह्यांचा गरीब भाऊ असावा अशी माझी समजूत होती. इथे गाडीवरच्या मावशी दोन्ही मुठींनी चुरमुरे पिळत होत्या, मनगटाच्या शिरा ताठ होईपर्यंत. "वलं राहिलं की लगदा होतंय," त्या म्हणाल्या. प्लेट हातात आली तेव्हा दाणा अन् दाणा सुटा होता, आणि डाळ्याच्या पिठाने प्रत्येकाला भुरभुरीत आवरण आलेलं. ताईंचा गुरुवारचा उपास म्हणजे फक्त मांसाहार बंद, त्यामुळे त्यांनी दोन प्लेटा खाल्ल्या.

जवळच शुभराय मठ आहे. शुभराय महाराज संत, कवी आणि चित्रकार. टिपू सुलतानाच्या पदरची नोकरी सोडून ते विरक्त झाले आणि सोलापुरात येऊन राहिले, असं सांगतात. स्टेशनापासून इतक्या जवळ इतकी शांत जागा असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो.

सिद्धेश्वराचं देऊळ तलावाच्या मधोमध. ते काही कमी ओळखीचं ठिकाण नव्हे, पण त्याच्याशिवाय बाकीचं सोलापूर उलगडत नाही. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन शिवयोगी. तलाव त्यांनीच लोकांच्या श्रमातून खोदवून घेतला अशी श्रद्धा आहे. त्यांची वचनं कन्नडमध्ये, यात्रेचे मानकरीही बहुतेक कन्नड घरातले. संक्रांतीच्या वेळी त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंच नंदीध्वज कमरेवर तोलत नेतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आम्ही गेलो ते सगळं उरकल्यावर. होम मैदानावरचा गड्डा मात्र अजून उभा होता. पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांचे स्टॉल. संध्याकाळी तिथे चक्कर मारली, एवढंच. जत्रा सगळीकडे जत्राच असते.

खरी मजा अडुसष्ट लिंगांत आहे. सिद्धरामेश्वरांनी गावात आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि यात्रेत नंदीध्वज त्या सगळ्यांच्या प्रदक्षिणेला निघतात. यादी हातात न घेता नुसतं बाळीवेशीकडून चालायला लागायचं आणि विचारत जायचं. एक लिंग पिंपळाच्या पारावर सापडलं, एक गॅरेजच्या मागे, टायरच्या ढिगाशेजारी, ताजं फूल वाहिलेलं. एकाच्या दारात म्हाताऱ्या आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. हे कितवं लिंग, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आमचं हाय." सगळी अडुसष्ट बघायची तर पायात जोर हवा, पण चारपाच बघितली तरी जुन्या गावाची हद्द पायांना कळते.

भुईकोट किल्ल्याची एक बाजू या तलावालाच लागून आहे. सोलापूरकर तिथे सकाळी फिरायला जातात, बाहेरचे बहुधा जातच नाहीत. मूळ काम बहमनी काळातलं. देवळाचे अवशेष आणि बत्तीस खांबी इमारत आतच. भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड कुठे उलटे, कुठे आडवे बसवलेले दिसतात, ते शोधत तासभर सहज जातो. या किल्ल्याचा इतिहास म्हणजे हुंड्याची भानगड. १५२४ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं विजापूरच्या आदिलशाही राजकन्येशी लग्न झालं, सोलापूर आंदण द्यायचं कबूल झालं आणि दिलं गेलं नाही. त्यावरून दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या लढाया. पुढे चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा तेच सोलापूर उलट दिशेने आंदण म्हणून गेलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे सासरच्यांची ओरड तेव्हाही हीच." १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला.

दुपारी चाटी गल्लीतल्या कापडवाल्याला आमचा ठरलेला प्रश्न विचारला. त्याने पोऱ्याला आमच्याबरोबर पाठवलं. दोन वळणं घेऊन, एका जिन्याखालून, लिंगायत घरगुती खानावळ. पाटी नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, गरगट्टा, भरलं वांगं, दही आणि शेंगा चटणी. गरगट्टा म्हणजे पालेभाज्या आणि डाळी एकत्र शिजवून घोटलेल्या, संक्रांतीच्या दिवसांत विशेष होणारा. शेंगा चटणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पाकिटातली खाऊन लोक मत बनवतात. दाणे मंद भाजायचे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे. दळायचे नाहीत. कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते, बोटांनी दाबली की तिचा गोळा होतो. मिक्सरमधली भुकटी होते. त्या बाईंनी चटणीत खड्डा करून दही घातलं आणि "आता खावा" म्हणून समोर उभ्या राहिल्या. खाल्ल्याशिवाय सुटका नव्हतीच.

इंद्रभुवन ही महापालिकेची इमारत, मूळ वारद घराण्याचा वाडा. कामानिमित्त येणाऱ्यांच्या गर्दीत मान वर करून नक्षी बघणाऱ्या आम्ही दोघीच होतो. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस मागे हटले आणि काही दिवस गावाचा कारभार लोकांच्या हाती होता. मग मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. आमच्या गाडीचं नाव त्यांच्यावरूनच. पुण्यात वर्षानुवर्षं "हुतात्मा पकडायची" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ही चार नावं सांगता येतील, शंका आहे.

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आता स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० ला ते सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. वय बत्तीस. फोटोंमध्ये त्यांची पत्नी गुओ छिंगलान दिसतात. चीनमधून कुणी पाहुणे आले की या घराला भेट देतात, पुण्या-मुंबईचे लोक समोरून जातात. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघी आणि शाळेची दोन मुलं. त्यांना प्रोजेक्ट होता.

शुक्रवार

आज पूर्व भाग. कन्ना चौक ओलांडला की कानावर तेलुगू पडायला लागते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. मामांची दुसरी गाडी इथली. सकाळी साडेसातला इडलीच्या पातेल्याभोवती स्टीलचे डबे घेऊन बाया उभ्या. घरी चूल पेटवायला वेळ कुठे असतो? माग सुरू झालेले असतात. इडलीबरोबर शेंगदाण्याची पातळ चटणी, डब्याच्या झाकणात ओतलेली. आमच्याकडे डबा नव्हता. गाडीवरच्या अक्कांनी आधी आम्हाला आपादमस्तक बघितलं आणि मग स्वतःच्या ताटल्या धुऊन दिल्या.

अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्यांत मागाचा आवाज आधी पायाला जाणवतो, मग कानाला. एका कारखान्याच्या दारात उभ्या राहिलो, तर आतून एका काकांनी हात केला. "या की. फोटो काढा, पण पदर आवरा."

चादरीच्या मागावर डोक्याच्या वर जकार्ड असतं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना शिवून त्यांची माळ केलेली, ती एकेक पट्टी सरकत राहते. जिथे भोक तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढाच धागा उचलला जातो. मोराच्या पिसाऱ्यातला एक डोळा विणायला अशा किती पट्ट्या सरकल्या ते मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. काकांनी तयार चादरीची कड उलटून दाखवली. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर, उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. दोन पदर एकात एक विणलेले असतात, म्हणून नक्षी दोन्हीकडे येते, फक्त रंगांची अदलाबदल होते. खरी सोलापुरी चादर ओळखायची ती अशी. "मागून नुसते धागे लोंबताना दिसले की समजायचं, सोलापूरचं नाव फक्त लेबलावर हाय." चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात लेबल लावणाऱ्यांना कोण अडवतं? त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात आता चादरीपेक्षा टॉवेल जास्त निघतात. टॉवेल खपतो, चादर एकदा घेतली की लोक पंधरा वर्षं घेत नाहीत. म्हणजे माल चांगला असणं हेच धंद्याला नडलं. काकांनी हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

जुनी मिल १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग गल्ल्यागल्ल्यांत तग धरून आहेत.

त्याच गल्लीत दारोदारी बायका विड्या वळत बसलेल्या. सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याचा चौकोनी साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखूची चिमूट पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि तोंड नखाने आत दुमडायचं. हे सगळं होताना ती बाई आमच्याशी बोलत होती, मुलाला ओरडत होती आणि सुपाकडे एकदाही बघत नव्हती. मजुरी हजार विड्यांवर मिळते. ताईंनी एक वळून बघितली. बाईंनी ती हातात घेतली, उलगडली, पान वेगळं, तंबाखू वेगळी केली आणि पुन्हा सुपात टाकली. एक शब्द बोलल्या नाहीत.

मार्कंडेय मंदिराला जाऊन आलो. पद्मशाली समाज मार्कंडेयांना मूळपुरुष मानतो, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. यायचं तर तेव्हा यायला हवं असं तिथल्या प्रत्येकाने सांगितलं.

रात्रीचा विषय नाजूक. ताईंना बिअर प्यायची होती. सोलापुरात परमिट रूमना तोटा नाही, नवी पेठ ते स्टेशन या पट्ट्यात दर चार दुकानांआड एक. पण दोन बायका, त्यातली एक साठीची, नऊवारी नसली तरी साडीतली. पहिल्या ठिकाणी गल्ल्यावरच्या माणसाने आमच्याकडे न बघता सांगितलं, "पार्सल न्या." ताई म्हणाल्या, "पार्सल प्यायला मी पुण्यात बसले नसते का?" आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या ठिकाणी वर फॅमिली रूम निघाली. रेक्झिनची बाकडी, लाकडी पार्टिशन, एसीखाली पाण्यासाठी लावलेली बादली. वेटर पिकल्या केसांचे. त्यांनी ताईंना "आक्का" म्हटलं आणि तिथून पुढे आमची काळजी ते घेणार हे ठरून गेलं. बिअरबरोबर भाजलेल्या शेंगा, त्यावर बारीक कांदा, लिंबू आणि तेलात कालवलेली तीच शेंगा चटणी. पुण्यातल्या चकचकीत पबांत ट्रफल तेल लावलेले बटाटे खाऊन मी पैसे दिलेले आहेत, तेव्हा अधिकाराने सांगते: सोलापूरचा चकणा वरचढ आहे.

बिल देताना ताईंनी वेटरमामांना आमचा प्रश्न विचारला. त्यांनी मेनूकार्ड मिटलं. "इथं नका जेवू. सावजीकडं जावा." सावजी म्हटलं की सगळ्यांना नागपूर आठवतं, पण सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची मोठी वस्ती सोलापुरातही आहे आणि त्यांच्या खानावळीही. ओळीने लावलेली टेबलं, ताटात कांदा-लिंबू आधी. मटणाचा रस्सा काळसर, पातळ, वर बोटभर तर्री. खिम्याचे उंडे वेगळ्या वाटीत. पहिल्या घासाला काहीच वाटत नाही, तिसऱ्याला कानामागे घाम. शेजारच्या टेबलावरचे अण्णा ताईंकडे बघून म्हणाले, "भाकरी कुस्करा, मग लागत नाही." लागलं ते लागलंच. पण ताट पुसून संपलं.

शनिवार

गाडी ठरवून हत्तरसंग-कुडल. विजापूर रस्त्याने मंद्रूपकडे, साधारण चाळीस किलोमीटर. भीमा आणि सीना इथे मिळतात, पलीकडे कर्नाटक. सोलापुरातल्याच कित्येकांनी बघितलेलं नाही, आमच्या ड्रायव्हरनेही नव्हतं.

संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. "वाछि तो विजेया होईवा" अशी त्यातली ओळ. वाचेल त्याचा विजय होवो. आम्ही मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे अक्षरांच्या कडा उठून आल्या. ड्रायव्हरने अक्षर अक्षर लावून "वि" ओळखला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली होतं, ते अलीकडे मोकळं केलं. वर आकाशाला उघडा स्वर्गमंडप, आणि बहुमुखी शिवलिंग. मुख्य लिंगावर ३५९ लहान मुखं कोरलेली आहेत, रांगेवर रांग. जवळ जाऊन बघितलं की कळतं, चेहरे साचातले नाहीत. एकाचा ओठ जाड, एकाचे डोळे मिटलेले. दगडात कोरणाऱ्याला कंटाळा आला नसेल का, असं ताईंना वाटलं. तिथे चहाचीही सोय नव्हती. पाणी, खाणं बरोबर न्यावं.

परतताना मंद्रूपच्या अलीकडे एका शेतात हुरडा. ड्रायव्हरचा मेहुणा. गोवऱ्यांची आगटी, गूळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम असतानाच तोंडात टाकायची. बरोबर गूळ, दही, चटणी. शेताचे मालक चोळत होते आणि आम्ही खात होतो, हे प्रमाण काही केल्या बदलेना. पाणी पिऊ देत नव्हते. "हुरड्यावर पाणी नको, ताक घ्या." शहराच्या वेशीवर कंबर तलावात कमळं दिसली, गाडी थांबवली नाही, पोट वर येत होतं.

तरी रात्री विजापूर वेशीत गेलोच. शिगेवरचे कबाब, कोळशाचा धूर, पाव. रमजानमध्ये इथे मीना बाजार भरतो. आम्ही दोघींत एक प्लेट घेतली आणि शेवटचा तुकडा कुणी खायचा यावरून मानपान झालं.

रविवार

गाडीच्या आधी खरेदी. चादर कारखान्यातून घेतलीच होती. चटणी खानावळीतल्या बाईंकडूनच, किलोभर, त्यांनी वर्तमानपत्रात दोन पदरी बांधून दिली आणि तरी तेल बाहेर आलं. कडक भाकरी मात्र सांभाळून आणावी लागते. पापडासारखी पातळ, हाताला लागली की तुकडा. बचत गटाच्या बाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी टॉवेल घालून चळत रचली आणि बजावलं, "वर बॅग ठेवू नका, मांडीवर न्या."

नान्नजचं माळरान राहिलं. माळढोक तिथे आता क्वचितच दिसतो, पण काळवीट कळपाने असतात, आणि पहाटेच जावं लागतं. हिप्परग्याच्या तलावावरचे हिवाळी पक्षीही राहिले. मामांच्या तीन गाड्यांपैकी तिसरी सकाळी साडेनऊला संपते, तिथे आम्ही पावणेदहाला पोचलो. स्टेशनवर सोडायला तेच आले होते. ताईंनी त्यांना अडुसष्ट लिंगांपैकी किती बघितली ते सांगितलं. त्यांनी मीटर टाकायच्या आधी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, "मी बी एवढी बघितली नाहीत की."